निषेध नोंदवायचा कसा: शब्दाचा अर्थ, त्याची जागा आणि निषेधपत्र लिहिण्याची रीत

कोणत्याही दिवशीचे मराठी वर्तमानपत्र उघडा, ‘तीव्र निषेध’ हे दोन शब्द कुठल्या ना कुठल्या पानावर सापडतातच. शिक्षक संघटना, पत्रकार संघ, व्यापारी महामंडळ, गल्लीतले मित्रमंडळ, सगळेच निषेध करतात. समोरच्याला उत्तर द्यायला भाग पाडणारे निषेध त्यांत थोडे. ते वाचले की कोणत्या कृत्याबद्दल बोलणे चालले आहे, ते कोणी केले आणि आता काय व्हायला हवे, हे पहिल्या चार ओळींत कळते. बाकीच्यांत ‘तीव्र’, ‘जाहीर’, ‘कडक’ अशी विशेषणे असतात आणि घटना शोधावी लागते. मला हा शब्द मोलाचा वाटतो. ज्याच्या हातात सत्ता, पैसा, पद काहीच नाही, अशा माणसालाही तो वापरता येतो. म्हणून तो नीट वापरायला शिकण्यासारखा आहे.

आधी अर्थ पक्का करू

‘नि’ हा उपसर्ग आणि ‘सिध्’ हा धातू मिळून निषेध होतो. मूळ अर्थ रोखणे, मनाई करणे. मीमांसाशास्त्रात वेदवाक्यांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘हे कर’ म्हणजे विधी आणि ‘हे करू नको’ म्हणजे निषेध. ‘न कलञ्जं भक्षयेत्’ (कलंज खाऊ नये) हे त्याचे ठरलेले उदाहरण. मराठीत हा जुना अर्थ दोन ठिकाणी जिवंत आहे: ‘निषिद्ध’ या विशेषणात आणि ‘त्याला कसलाच विधिनिषेध नाही’ या बोलण्यात.

आजचा आपला अर्थ यातूनच पुढे आला. एखादी गोष्ट आपल्याला रोखता आली नाही, तरी ती व्हायला नको होती, हे चारचौघांत ठामपणे सांगणे म्हणजे निषेध. यातला ‘चारचौघांत’ हा भाग सोडता येत नाही. मनातल्या मनात राग येतो, चीड येते, निषेध होत नाही. तो नोंदवावा लागतो, आणि म्हणूनच ‘निषेध नोंदवणे’ हे क्रियापद मराठीत इतके रुळले आहे.

आता हिंदीमुळे होणारा गोंधळ. हिंदीत निषेध शब्द अजून मनाईच्याच अर्थाने चालतो: ‘प्रवेश निषेध’, ‘धूम्रपान निषेध’, ‘मद्यनिषेध’. आपण या पाट्यांवर ‘प्रवेश बंद’, ‘धूम्रपानास मनाई’ असे लिहितो आणि ‘दारूबंदी’ म्हणतो. १९६१ च्या हुंड्याविषयीच्या कायद्याला हिंदीत ‘दहेज प्रतिषेध अधिनियम’ म्हणतात, मराठीत तो हुंडाप्रतिबंधक कायदा म्हणून ओळखला जातो. उलट आपण जिथे निषेध म्हणतो तिथे हिंदीत ‘निंदा’ येते. वृत्तवाहिन्यांवर दिवसभर ‘कड़ी निंदा’ ऐकून आता मराठी निवेदनांतही ‘आम्ही या हल्ल्याची कठोर निंदा करतो’ असे वाक्य दिसू लागले आहे. ते मराठी कानाला खटकते आणि खटकायलाच हवे. मराठीत निंदा म्हणजे कुणाचे दोष काढत बसणे, माघारी वाईट बोलणे. निंदानालस्ती, परनिंदा, ‘निंदकाचे घर असावे शेजारी’, या सगळ्या वापरांत निंदा करणाऱ्याकडेच थोडा कमीपणा येतो. हल्ल्याची निंदा करतो म्हणणारा मराठी माणूस नकळत स्वतःलाच खालच्या पायरीवर उभा करतो. हल्ल्याचा निषेध करावा. गंमत अशी की विशेषणात हा दोष उरत नाही: ‘निंद्य कृत्य’, ‘निंदनीय प्रकार’ हे शुद्ध मराठी आहे आणि बिनधास्त वापरावे.

शब्द निवडताना: आधी वेळ पाहा

लोक निषेधाची धार किती हवी याचा विचार करतात. त्याआधी वेळेचा विचार करावा. गोष्ट व्हायची आहे की होऊन गेली?

व्हायची असेल तर तुमचा शब्द ‘हरकत’. सरकारी कामकाजात हा साधा शब्द फार ताकदीचा आहे. शहराचा विकास आराखडा असो, रस्त्याचे रुंदीकरण असो, झाड तोडण्याची परवानगी असो, ‘हरकती व सूचना’ मागवाव्या लागतात आणि मुदतीत आलेल्या हरकतीची दखल घेणे संबंधितांना भाग असते. त्या मुदतीत तुम्ही ‘आम्ही या आराखड्याचा तीव्र निषेध करतो’ असे पत्र दिले, तर ते फाइलला लागेल, पण हरकत म्हणून त्याची सुनावणी होईलच याची खात्री नाही. विषयाच्या ओळीत ‘हरकत’ हाच शब्द लिहा, आराखड्यातला क्रमांक लिहा, कारण लिहा. संताप दुसऱ्या परिच्छेदात आला तरी चालेल.

मुंबईतल्या आरे वसाहतीचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवावे. मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर आधी नागरिकांनी हजारोंनी हरकती दिल्या. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. लोक रस्त्यावर आले, घोषणा झाल्या, अटका झाल्या. हा निषेध होता, आणि तो न्याय्य होता. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली ती मात्र कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची याचिका म्हणून दखल घेऊन. पत्रात एक नेमकी मागणी होती: तोड थांबवा. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. हरकत, निषेध आणि दाद मागणे ही तीन वेगळी कामे आहेत, आणि तिन्ही लागतात.

होऊन गेलेल्या गोष्टीसाठी शब्द निवडताना जवळच्या शब्दांतला फरक असा धरावा.

‘विरोध’ चालू राहणाऱ्या गोष्टीला असतो, ‘निषेध’ घडून गेलेल्या कृत्याचा. प्रकल्पाला विरोध, पण विरोधकांवर झालेल्या लाठीमाराचा निषेध. विभक्तीसुद्धा वेगळी आहे, ती चुकली की वाक्य लंगडते.

‘खेद’ आणि ‘नाराजी’ यांत कोणावर दोष येत नाही. कोणी खेद व्यक्त केला म्हणजे त्याने निषेधही केला नाही आणि माफीही मागितली नाही, हे वाचताना ध्यानात घ्या.

‘धिक्कार’ मात्र माणसावर येतो. संस्कृतात ‘धिक्’ म्हटले की पुढे ज्याला धिक्कारायचे तो येतो. भर्तृहरीच्या प्रसिद्ध श्लोकात ‘धिक् तां च तं च मदनं च इमां च मां च’ असे म्हणत तो तिला, त्याला, मदनाला आणि शेवटी स्वतःलाही धिक्कारतो. मोर्चात एकाने नाव घ्यायचे आणि बाकीच्यांनी ‘धिक्कार असो!’ म्हणायचे, ही आपली जुनी पद्धत आहे आणि तिथे तो शब्द शोभतो. संस्थेच्या लेटरहेडवर सहसा शोभत नाही. तिथे कृत्याबद्दल बोलावे.

‘निर्भर्त्सना’ वडीलधाऱ्या किंवा अधिकाराच्या जागेवरून होते. आपल्याहून वरच्या पदावरच्या माणसाची आपण निर्भर्त्सना केली असे लिहिणे विचित्र वाटते.

‘ठपका’ हा शब्द कार्यालयात जपून वापरावा. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांत ठपका ही किरकोळ शिक्षांपैकी एक आहे, म्हणजे तो ठेवण्याचा अधिकार ठरलेल्या अधिकाऱ्यालाच आहे. ‘संघटनेने आयुक्तांवर ठपका ठेवला’ हे बातमीत चालून जाते, अर्जात नको. ‘ताशेरे’ न्यायालय ओढते किंवा चौकशी समिती ओढते. आपण ओढू नयेत.

घरात आणि मैत्रीत यांतला एकही शब्द लागत नाही. ‘हे मला पटलं नाही’, ‘तुला हे शोभत नाही’ एवढ्याने काम होते, आणि बरेचदा जास्त खोल जाते. एरवी मित्रांत ‘एकट्यानेच मिसळ खाल्लीस? त्रिवार निषेध!’ हा लाडिक वापर सर्रास चालतो. तो मला आवडतो.

वाक्य बांधताना

निषेधाच्या वाक्यात सर्वांत मोठा घोटाळा ‘चा’ या प्रत्ययाचा. ‘पत्रकारांचा निषेध’ असा मथळा घ्या. पत्रकारांनी निषेध केला की पत्रकारांचा केला? दोन्ही अर्थ निघतात. म्हणून नियम ठेवा: ‘चा’ फक्त ज्याचा निषेध आहे त्याला लावायचा. करणाऱ्याला ‘ने/नी’ किंवा ‘कडून’. ‘मारहाणीचा पत्रकारांकडून निषेध’ हे वाक्य कुठूनही वाचले तरी एकच अर्थ देते. याच कारणासाठी बळी पडलेल्या व्यक्तीचे नाव ‘निषेध’ शब्दाच्या शेजारी येऊ देऊ नका. फलक रंगवताना मधले शब्द गाळले जातात आणि ज्याच्यासाठी मोर्चा निघाला त्याचाच निषेध फलकावर राहतो.

‘निषेधार्थ’ म्हणजे निषेधासाठी. त्याच्यामागे कृत्य, पुढे कृती. उदाहरणार्थ, १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी मुंबईबाबतच्या केंद्राच्या धोरणाच्या निषेधार्थ अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ‘निषेधार्ह’ म्हणजे निषेध करण्याजोगे. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले रोज दिसतात. ‘निषेधार्थ कृत्य’ असे काही नसते.

शुद्धलेखन थोडक्यात: निषेध (निशेध नव्हे), तीव्र (पहिला स्वर दीर्घ), धिक्कार (क ला क), निर्भर्त्सना (एक रफार भ वर, दुसरा त्स वर). छापायला देण्यापूर्वी एवढे चार शब्द तपासा.

विशेषणांबद्दल माझे स्पष्ट मत आहे. एक पुरे, शून्य उत्तम. ‘तीव्र’ इतक्यांदा लिहून झाले आहे की त्याच्याशिवायचा निषेध आता अधिक गंभीर वाटतो.

निषेधपत्र लिहू या

समजा, तुमच्या गावात नगरपालिका आहे आणि पोस्टासमोरचे वडाचे जुने झाड एका पहाटे तोडलेले दिसले. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहे, आणि तोडण्यापूर्वी जाहीर नोटीस द्यावी लागते, ती झाडावरही लावावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वेगळे संरक्षण मिळाले आहे. एवढे माहीत असले की पत्राची दिशा ठरते.

पहिली पायरी, घटना पक्की करा. कुठे, केव्हा, कोणी, किती. बुंध्याचे फोटो काढा, शेजारच्या दुकानदाराला विचारा, गाडीचा क्रमांक कोणी पाहिला असेल तर टिपा. डोळ्यांनी पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळ्या कागदांवर लिहा. घाई इथेच होते आणि पुढे महाग पडते.

दुसरी पायरी, पत्र कोणाला हे ठरवा. ज्याने कृत्य केले त्याला पत्र लिहून फारसे होत नाही. ज्याला त्या कृत्याची चौकशी करता येते त्याला लिहायचे. इथे मुख्याधिकारी आणि वृक्ष अधिकारी. प्रत पोलीस ठाण्याला आणि वर्तमानपत्रांना. जिल्हाधिकाऱ्यांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत बारा जणांना प्रत पाठवण्याची सवय सोडावी, कारण मग प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी पाहील.

तिसरी पायरी, मजकूर. तो असा असू शकेल:

विषय: पोस्टासमोरील वडाचे झाड तोडल्याबद्दल निषेध व चौकशीची मागणी.

महोदय,
स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, पोस्टासमोरचे वडाचे झाड दि. १२ रोजी पहाटे तोडण्यात आले. काम करणाऱ्या माणसांनी आपण रस्त्याच्या ठेकेदाराकडून आल्याचे सांगितले. परवानगीचा कागद मागितला असता तो दाखवला नाही. तोडण्यापूर्वी झाडावर नोटीस लावलेली आमच्यापैकी कोणीही पाहिलेली नाही. या वृक्षतोडीचा आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी निषेध करतो. आमच्या मागण्या: परवानगी दिली असल्यास तिची प्रत आम्हांला मिळावी, दिली नसल्यास जबाबदार व्यक्तींवर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी, याच रस्त्यावरील उरलेल्या झाडांना चौकशी पूर्ण होईपर्यंत हात लावू नये.

या मजकुरातले एक वाक्य पुन्हा वाचा: ‘नोटीस लावलेली आमच्यापैकी कोणीही पाहिलेली नाही.’ ‘नोटीस लावलीच नव्हती’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण ते आपल्याला ठाऊक नसते. नोटीस लावून कोणी फाडली असेल, तर एका शब्दाने सगळे पत्र खोटे ठरते. जेवढे पाहिले तेवढेच लिहिलेला निषेध खोडून काढता येत नाही. तसेच, विषयाची ओळ सोडली तर ‘निषेध’ हा शब्द एकदाच आला आहे आणि तथ्ये सांगून झाल्यावर आला आहे. वाचणारा तिथवर पोचतो तेव्हा तोही मनात तेच म्हणत असतो. ‘निषेध! निषेध! निषेध!’ ने सुरू होणाऱ्या पत्रकात हे बळ येत नाही.

मागण्यांपैकी शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तोडलेले झाड परत येत नाही. उभी असलेली वाचतात.

चौथी पायरी सह्यांची. पूर्ण नाव आणि पत्ता असलेल्या वीस सह्या, नुसत्या दोनशे रेघोट्यांपेक्षा भारी. को­णाची सही त्याला न विचारता घेऊ नका आणि मजकूर वाचायला दिल्याशिवाय सही मागू नका.

सभेतला निषेध ठराव

संस्थेची, संघाची किंवा ग्रामसभेची बैठक असेल तर पत्राऐवजी ठराव करावा. अभिनंदनाचा, शोकाचा आणि निषेधाचा असे तीन ठराव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत, आणि तिघांचा साचा एकच: ‘ही सभा … या कृत्याचा निषेध करीत आहे.’ कर्ता सभा, त्यामुळे क्रियापद एकवचनी. सूचकाचे आणि अनुमोदकाचे नाव इतिवृत्तात यायला हवे. कोणी विरोधात मत दिले असेल तर ‘एकमताने’ लिहू नका, ‘बहुमताने’ लिहा. विरोधाची नोंद असलेला ठराव प्रामाणिक वाटतो आणि टिकतो.

निषेध ठरावाने कोणाचे पद जात नाही. पद घालवतो तो अविश्वास ठराव, आणि त्याची कायद्यात वेगळी रीत आहे. लोकसभेचेच पाहा: अविश्वासाच्या प्रस्तावाला ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो, पण कारण देणे बंधनकारक नसते. धोरणाबद्दल किंवा कृतीबद्दल दोष देणारा निंदाव्यंजक प्रस्ताव असेल तर त्यात कारण सांगावेच लागते. गावपातळीवर हे दोन ठराव एकात मिसळण्याचा घोळ होतो. वेगळे ठेवा.

कायद्याच्या दोन रेषा

भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ अब्रुनुकसानीचे आहे. सार्वजनिक हितासाठी सांगितलेले सत्य आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्‌हेतूने मांडलेले मत, यांना त्यात अपवाद आहेत. म्हणून कृत्यावर बोट ठेवा, हेतूंचा अंदाज बांधू नका. ‘पैसे खाऊन परवानगी दिली’ हे पुराव्याशिवाय लिहायचे नाही.

दुसरी रेषा याहून कडक पाळायची आहे. लैंगिक अत्याचाराच्या घटनेचा निषेध करताना पीडितेचे नाव, फोटो, शाळा, गल्ली, नातेवाईक, ओळख पटेल असे काहीही लिहिता येत नाही. न्याय संहितेचे कलम ७२ त्यासाठीच आहे, आणि मूल असेल तर पॉक्सो कायदाही आहे. श्रद्धांजलीच्या फलकावर मुलीचा फोटो छापणारी मंडळी चांगल्या भावनेने छापतात. तरीही तो गुन्हा आहे, आणि त्या घरावर पुन्हा घाव आहे.

शब्द न उच्चारता

निषेधाची उत्तम मराठी उदाहरणे शोधायला गेलात तर त्यांत निषेध हा शब्दच नसेल. १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्यात जे दडपशाहीचे वातावरण तयार झाले, त्यावर ‘केसरी’ने विचारले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ सबंध निषेध एका प्रश्नात आला. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, वर्षाला एक दिवस. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, आणि बाईंनी त्याच व्यासपीठावरून आणीबाणीविरुद्ध उघड भूमिका घेतली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. २०१६ मध्ये मराठा क्रांती मोर्चे निघाले ते मूक, आणि शेवटी मुली जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन देत. घोषणा नव्हती, मागण्यांचा कागद मात्र होता.

काळ्या फिती, काळे झेंडे, सभात्याग, लेखणीबंद, ठिय्या, यांतून काय निवडायचे हे ठरवताना एकच पाहा: या कृतीचा त्रास कोणाला होणार? रुग्णालयाच्या रस्त्यावर रास्ता रोको केला की निषेध ज्याचा करायचा तो बाजूला राहतो आणि रुग्ण अडकतो. काळी फीत लावून काम चालू ठेवणारी परिचारिका दिवसभर प्रत्येक येणाऱ्याला आपला निषेध सांगत असते.

पत्र दिल्यानंतर

आवक विभागात पत्र देताना दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती पोच जपून ठेवा. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. दोनेक आठवड्यांत उत्तर नाही आले तर स्मरणपत्र द्या, त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक लिहा. नवे विशेषण जोडू नका, मजकूर तोच ठेवा. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा: ‘आमच्या अमुक क्रमांकाच्या पत्रावर केलेल्या कार्यवाहीची माहिती व फाइलवरील टिप्पण्यांच्या प्रती.’ दहा रुपयांचे शुल्क, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत. दरम्यान चौकशीत निघाले की परवानगी खरोखर होती आणि नोटीसही लावली होती, तर ज्यांना प्रत पाठवली होती त्या सगळ्यांना तसे लेखी कळवा, पहिल्या पत्रावर ज्यांच्या सह्या होत्या त्यांच्याच सह्यांनी.